माफीला निघालेला दात

मी देवमाशाचा दात बोलतोय. वीतभर लांब, केळ्यासारखा वाकलेला, रंगानं जुन्या मधासारखा. माझ्या दोन्ही टोकांना भोकं आहेत आणि त्यांतून नारळाच्या काथ्याची वेणी ओवलेली आहे. आमच्या फिजीच्या बेटांवर मला तांबुआ म्हणतात.

सुरुवातीलाच सांगतो, मी शूर नाही. ज्या माशाच्या जबड्यात मी होतो तो मोठा असेल, पण मी घाबरट आहे. पायरीवर पाऊल वाजलं की मला वाटतं, आता मला उचलणार, आता कुणापुढे तरी धरणार. आणि समोरच्यानं हात लावलाच नाही तर?

आमच्याकडे मोठी गोष्ट नुसती तोंडानं मागत नाहीत. मुलगी मागायची असो, मयताच्या घरी जायचं असो की झाल्या चुकीची माफी मागायची असो, जमिनीवर बसायचं, मान खाली घालायची आणि मला दोन्ही हातांत धरून बोलायचं. समोरच्यानं मला हातात घेतलं की मागणं मान्य. नाही घेतलं, तर माणूस मला घेऊन तसाच परत जातो आणि सगळं गाव ते बघतं. त्यामुळे माझं आयुष्य माणसांच्या हातांकडे बघण्यात गेलं. चेहरे मला फारसे आठवत नाहीत. हात आठवतात.

मी ज्याचा दात, तो देवमासा नासोलेवू गावाजवळच्या खडकांवर ओहोटीत अडकला आणि तिथंच मेला. नाईवालू घराण्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला वर्षभर घासलं. खोबरेल तेल लावायचं, चुलीवरच्या धुरात टांगायचं, उतरवून पुन्हा तेल लावायचं. तो घासताना माझ्याशी बोलायचा नाही, पण त्याचा अंगठा फार प्रेमळ होता. पुढे मी लग्नांत गेलो, बारशांत परत आलो. नातेवाइकांच्या घरी वर्षानुवर्षं राहून पुन्हा नाईवालूंच्याच पेटीत पोहोचलो.

त्या घरातला थोरला मुलगा केलेपी. उंच, लांब बोटांचा, नखं नेहमी स्वच्छ. तो लष्करात गेला, अधिकारी झाला, कॅप्टन झाला. त्याची तुकडी शांतिसेनेबरोबर लेबनॉनला निघाली, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला त्याच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं.

"बाबा, हे कशाला? तिथं कुणाला कळणारे?"

"तिथल्यांना नाही कळलं तर नाही. तुझ्या हाताखाली पोरं आपलीच आहेत ना? परमुलखात काही चुकलं तर हात रिकामे नकोत."

"माझं काय चुकणारे?"

"ते तिथं गेल्यावर समजेल," म्हणून वडिलांनी झाकण लावलं.

लेबनॉनमध्ये मी पेटीतच होतो. पण केलेपी कपडे काढायला झाकण उघडायचा आणि पुष्कळदा उघडंच विसरायचा, म्हणून मला तंबू दिसायचा. धूळ फार होती. पोरं निळ्या टोप्या घालून यायची, सलाम ठोकायची आणि बाहेर गेल्यावर आपल्या बोलीत एकमेकांची टिंगल करायची. केलेपी चांगला अधिकारी होता. कुणाचं पत्र आलं नाही हे त्याच्या लक्षात राहायचं. त्याच्या तुकडीतली पोरं त्याच्या पाठीमागेही त्याला नावं ठेवत नसत, आणि लष्करात हे सोपं नाही.

एका दुपारी तो पहाऱ्याची यादी लिहीत होता. खिंडीतल्या चौकीवर दोन दिवस गोळीबार चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचा तिथला पहारा रुसियातेचा होता. रुसियाते म्हणजे केलेपीचा मावसभाऊ. तो तंबूत आला आणि दारातच उभा राहिला.

"दादा, अंगात ताप आहे माझ्या."

"इथं दादा म्हणू नकोस."

"सर, ताप आहे."

केलेपीनं त्याच्या कपाळाला हात लावला. तो हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. ताप नव्हता. मी पेटीतून बघत होतो. तापलेल्या कपाळावरून हात असा सावकाश निघत नाही. रुसियाते खाली बघत होता.

केलेपीनं यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. सेवानाया. वुनिकाऊ गावचा पोरगा, एकवीस वर्षांचा. त्याची रजा दुसऱ्या दिवशीच सुरू होणार होती. त्याला बोलावून सांगितलं तेव्हा तो हसला.

"सर, माझी बॅग बांधून झालीय," तो म्हणाला. "पण जातो. दुपारचा ट्रक तेवढा चुकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला आणि गेला. सेवानायाची बॅग त्याच्याशिवाय केलेपीच्या तंबूत आली. आईसाठी घेतलेली लोकरीची शाल तिच्यात वर दिसत होती.

त्या संध्याकाळी वुनिकाऊची चार पोरं केलेपीच्या तंबूबाहेर मातीत मांडी घालून बसली. ती कशाची वाट बघतायत हे मला ठाऊक होतं, केलेपीलाही ठाऊक होतं. त्यानं पेटीतून मला काढलं. तेवढ्यात मेजर आत आला.

"हे काय घेतलंस हातात?"

"सर, माझ्या हुकमावरून गेला तो. पोरांपुढे बसायला हवं मला."

"चौकशी लागलीय. तू दात घेऊन बसलास तर चूक कबूल केली असं कागदावर येईल. आधी चौकशी होऊ दे, मग बस काय बसायचं ते."

केलेपीनं मला परत ठेवलं. पोरं अंधार पडेपर्यंत बसली आणि मग उठून गेली. पुढे चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही. यादीत नाव खोडण्याचा अधिकार कॅप्टनला असतो, असं त्यात लिहिलं होतं म्हणे. शवपेटी मायदेशी आली, तिच्यावर झेंडा होता, बंदुकांची सलामी झाली. केलेपी ताठ उभा राहिला. मी पेटीतच होतो.

त्यानंतर पंधरा वर्षं गेली. केलेपी कर्नल होऊन निवृत्त झाला. छातीवर पदकं आली, केस पांढरे झाले. पेटी आता त्याच्या पलंगाखाली होती. अधूनमधून तो ती ओढायचा, मला हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज निघालो. माझा जीव वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा. न सांगितलेला निरोप घेऊन पडून राहणं म्हणजे काय, ते मला त्या वर्षांत कळलं.

त्याच्या बायकोला, लोसालीनीला, एवढंच ठाऊक होतं की वुनिकाऊला जायचं राहून गेलंय. मावसभावाची गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नव्हती.

मग लोक म्हणू लागले, कर्नलसाहेब, निवडणुकीला उभे राहा. तो उभा राहिला. आणि त्या मतदारसंघात वुनिकाऊ गाव होतं.

"मतं मागायला जाण्याआधी त्या बाईकडे जाऊन ये," लोसालीनी म्हणाली. "आधी ते काम, मग हे. दोन्ही एका दिवशी नको."

"काकांना विचारतो."

काका म्हणजे एरोनी. आमच्याकडे दात देणारा माणूस सहसा स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीनं घराण्यातला बोलणारा बोलतो. नाईवालूंच्या वतीनं चाळीस वर्षं एरोनीच बोलत आला होता. गोड जिभेचा, पोट सुटलेला, सगळ्या गावांची सोयरीक तोंडपाठ असलेला म्हातारा. वुनिकाऊला जाताना मी गाडीत त्याच्याच मांडीवर होतो. शेजारी केलेपी, मागे लोसालीनी.

"काका, माफी मागायची. ठरलंय आपलं," केलेपी म्हणाला.

"पंधरा वर्षं गप्प बसलास, आणखी पंधरा दिवस बसवत नाही?"

"काका."

"अरे, मी आपलं तुझ्या भल्याचं बोलतोय. आज माफी मागितलीस की उद्या पेपरात मथळा. कर्नलनं पोरगा मारला, स्वतः कबूल केलं. सगळे म्हणतील, उगाच नाही पंधरा वर्षं गप्प होता."

"काका, माफीच."

"बरं बाबा, बरं. म्हातारा झालो म्हणून काय बहिरा नाही झालो."

वुनिकाऊच्या सभागृहात चटया अंथरल्या होत्या. गावचे वडीलधारे समोर बसले. बायका दारापाशी. त्यांच्यात शेवटी, खांबाला टेकून, सेवानायाची आई ताराईवीनी होती. ती केतकीच्या पात्यांची चटई विणत होती. मी आत शिरलो तेव्हा तिचे हात थांबले. ते हात मी तेव्हा प्रथम पाहिले. आखूड, जाड, पात्यांनी कापून कापून बोटांवर बारीक रेघा उमटलेले.

केलेपी मान खाली घालून बसला. एरोनीनं मला दोन्ही हातांत धरलं आणि बोलायला सुरुवात केली. गावाचं नाव घेतलं, पूर्वजांची नावं घेतली, दोन्ही घराण्यांचं जुनं नातं सांगितलं. मी वाट बघत होतो. ताराईवीनीही बघत होती. आता नाव येईल, आता सेवानायाचं नाव येईल.

"आणि वुनिकाऊच्या थोरामोठ्यांनो," एरोनी म्हणाला, "हा लहानसा दात तुमच्या उंबऱ्याशी ठेवतोय. आमचा केलेपी निवडणुकीला उभा आहे. त्याला तुमचा आधार असू द्या."

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. बोलणारा चुकला तर थांबवायची रीत आहे. मागच्यानं नुसतं खाकरायचं, नाहीतर पाठीला बोट लावायचं. एवढंच. केलेपीची लांब बोटं त्याच्या मांडीवर होती. त्यातलं एक बोट उचललं गेलं. मी पाहिलं. ते थोडा वेळ हवेत राहिलं आणि पुन्हा खाली टेकलं.

गावप्रमुखानं पुढे होऊन मला हातात घेतलं. "दात पोहोचला. आधार दिला," तो म्हणाला. सगळ्यांनी हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, जाड, खोल आवाजाच्या. दारापाशी ताराईवीनीनं पाती पुन्हा उचलली. पण ती विणत नव्हती. विणलेलंच उसवत होती.

निघताना लोसालीनीचा आवाज माझ्या कानी आला. "झालं तुम्हा काका-पुतण्यांच्या मनासारखं? दिला तो दात. आता आपला दुसरा शब्द त्याच्यावर चढत नाही."

"निवडून आलो की परत येऊ, वेगळे येऊ," केलेपी म्हणाला.

"हातात काय घेऊन येणार? घरात होता तो एवढाच होता."

वुनिकाऊनं शब्द पाळला. एकूण एक मत त्याला पडलं. केलेपी निवडून आला आणि ग्रामीण पाणी व रस्ते खात्याचा मंत्री झाला.

मी गावप्रमुखाच्या घरात, रेडिओच्या वर टांगलेला होतो. त्यामुळे मंत्र्याची सगळी भाषणं मला ऐकावी लागली. खोटं कशाला बोलू, तो चांगला मंत्री होता. लष्करी शिस्तीनं काम करायचा. पूल बांधले, दवाखान्यांपर्यंत रस्ते नेले. वुनिकाऊला तर पहिल्याच वर्षी नळ आला. उद्घाटनाला तो स्वतः आला. कोट, खाली करडा सुलू, म्हणजे आमची लुंगी, पायांत चकचकीत वहाणा. माणसांनी हार घातले. तो भाषण करत असतानाच ताराईवीनी बादली घेऊन त्याच्यासमोरून ओढ्याकडे गेली. लाऊडस्पीकर मधेच गप्प झाला. मी घरात टांगल्या जागेवरून ऐकत होतो, मला वाटलं वीज गेली. पण नंतर घरात त्याच गोष्टीची चर्चा चालली.

"अगं मावशी," गावप्रमुखाची सून तिला म्हणाली होती, "दाराशी नळ आलाय. गुडघे कशाला झिजवतेस?"

"मत तुम्ही दिलंत ना? मग तुम्ही प्या ते पाणी."

"पाण्यावर कसला राग?"

"पाण्यावर नाही गं बाई," ताराईवीनी म्हणाली आणि गेली.

मग तिचा नवरा वारला. मयताच्या घरी दात घेऊन जायची रीत असते, आणि गावप्रमुखानं हाताशी होता तो, म्हणजे मला, उचललं. त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की काथ्याची वेणी सुटून पडेन असं वाटत होतं. तिनं मला घेतलं, कारण मयताचा दात नाकारत नाहीत. पण सगळे गेल्यावर तिनं मला उजेडात धरून पाहिलं. माझ्या टोकाजवळ एक काळा डाग आहे. त्यावर तिनं अंगठा ठेवला.

"तू तर मतांचा दात," ती म्हणाली.

तिनं मला घरात टांगलं नाही. मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत, सरपणाच्या मागे, एका खिळ्याला अडकवलं. तिथं नऊ वर्षं गेली. तेल कुणी लावलं नाही. माझ्यावर काजळी बसली, पोटाशी एक बारीक चीर पडली. रोज मला वाटायचं, आज ती चीर आरपार जाणार. दोन तुकडे झालेला दात कुणी कुणापुढे धरत नाही. आणि माझ्या पोटात तर एका चुकीच्या शब्दाखाली एक खरा शब्द अजून तसाच होता. तो घेऊन मोडायचं मला नव्हतं.

केलेपीचं काय झालं ते मला झोपडीत येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. सरकार उलथलं. सैनिकांनी मंत्र्यांना कचेऱ्यांतून बाहेर काढलं. केलेपीच्या दारावर बंदूक घेऊन उभा होता तो त्यानंच शिकवलेला शिपाई होता. त्यानं आधी सलाम ठोकला म्हणे आणि मग म्हणाला, "सर, चला." बायका यावर हसल्या. ताराईवीनी हसली नाही. ती कसाव्याचे कंद सोलत राहिली. मग एरोनी वारला. लोसालीनीही वारली.

आणि एका सकाळी नळावरच्या बायकांचा गलका ऐकू आला.

"अगं, हे कोण? मंत्रीसाहेब ना?"

"साहेब, गाडी कुठाय? की रस्ता तुम्हीच केला म्हणून चालून बघताय?"

"वहाणा कुठायत?"

"हातात घेतल्यात. बघ की, अनवाणी आलाय," कुणीतरी हळू आवाजात म्हणाली, आणि मग हसणं बंद झालं.

झोपडीच्या फटीतून मी पाहिलं. केलेपी. पाठ वाकलेली, अंगात साधा सदरा, काखेत यंगोनाच्या मुळांची जुडी. ही मुळं कुटून पाण्यात कालवून पितात; पाहुण्यानं आणायची तेवढी. तो ताराईवीनीच्या पायरीखाली, उन्हात, गवतावर बसला. मांडी घालताना त्याला दोनदा हात टेकावे लागले. मग मान खाली घातली आणि तसाच राहिला.

ताराईवीनी झोपडीच्या दारात आली. हातात सुरी होती.

"काय आणलंस?"

"यंगोना."

"ते प्यायला होतं. मी विचारते, काय आणलंस?"

"काही नाही, ताई. होता तो दात मी इथंच दिला. भलत्याच कामाला दिला. राजधानीत दुकानात टांगलेले असतात, तिथं गेलो होतो. काचेपुढे उभा राहिलो. पण ते दुसऱ्यांचे. हात पुढे होईना."

"आणि तुझा बोलणारा?"

"काका गेले. आता मीच आहे."

तोवर गावप्रमुख धावत आला. आता तोही म्हातारा झाला होता. मोठ्या माणसाला असं उन्हात बसलेलं बघून तो कासावीस झाला होता. "कर्नलसाहेब, उठा, उठा, वर या. झालं गेलं. ताराईवीनी, मी घरातून एखादा दात आणतो, मीच घेतो तो, टाळ्या वाजवू आणि संपवू."

"बस तू खाली," ताराईवीनी म्हणाली. "ह्या घरात घ्यायला पुरुष नाही. होता एक, आणि एक त्याच्याआधी होता. आता घ्यायचं की नाही ते मी ठरवीन."

ती आत वळली. सरपण बाजूला सारलं, आणि खिळ्यावरून मला काढलं. तिच्या झग्याला माझी काजळी लागली. बाहेर येऊन तिनं मला केलेपीच्या हातात दिलं.

"घे. त्या दिवशी जे बोलायला आला होतास ते बोल."

त्याचे हात आता किती हलके झाले होते! लांब बोटं सुकून काटक्यांसारखी. मला भीती वाटत होती की हा पुन्हा अर्धंच बोलेल. "तुझा मुलगा माझ्या हुकमावरून गेला" एवढं म्हणेल, आणि तेवढं तर तिला ठाऊकच होतं. तेवढ्यावर ती मला घेईलही, गावप्रमुख टाळ्या वाजवील आणि खालचा शब्द माझ्या पोटात कायमचा राहील.

"तो पहारा सेवानायाचा नव्हता," केलेपी म्हणाला. त्याचा आवाज भाषणातला नव्हता. "माझ्या मावसभावाचा होता. रुसियातेचा. मी त्याचं नाव खोडलं आणि तुझ्या मुलाचं लिहिलं."

कुणीतरी श्वास आत ओढला. बहुतेक गावप्रमुखानं.

"का?" ताराईवीनी म्हणाली.

"तो म्हणाला, ताप आहे."

"होता?"

"मी कपाळाला हात लावून पाहिलं."

"मग?"

"गार होतं."

ती उभीच होती. सुरी अजून तिच्या हातात होती. तिनं ती वाकून पायरीवर ठेवली. नळावरच्या बायका आता कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या आणि कुणाच्या बादलीतून पाणी सांडत होतं, ते कुणी थांबवत नव्हतं.

"आणि माझा मुलगा? तो काय म्हणाला?"

केलेपीनं माझी वेणी बोटांभोवती गुंडाळली.

"हसला. म्हणाला, सर, माझी बॅग बांधून झालीय, पण जातो. दुपारचा ट्रक तेवढा चुकू देऊ नका."

ताराईवीनी पायरीवर बसली. ऊन वर आलं. केलेपीनं मला उचलून धरलं होतं, आणि एवढ्या म्हाताऱ्या हातांना ते पेलत नव्हतं. मी तिच्या हातांकडे बघत होतो. मांडीवर ठेवलेले, आखूड, जाड, रेघा रेघांचे हात. त्यांना आता नवीन काहीतरी ठाऊक झालं होतं. खरं सांगायचं तर आता मला वाटत होतं की तिनं मला घेऊ नये. मी तिच्या जागी असतो तर घेतलं नसतं. आणि तरी घ्यावं असंही वाटत होतं. असं दोन्ही वाटत असताना माझी चीर करकरली.

तिनं हात पुढे केले आणि मला घेतलं.

गावप्रमुखाला रडू आवरेना. त्यानं घाईघाईनं ओंजळ जुळवली आणि नेहमीचे शब्द सुरू केले, "दात पोहोचला, चूक मातीत पुरली, आजपासून ती कुणी..."

"थांब," ताराईवीनी म्हणाली. "पुरायची नाही."

"अगं, असंच म्हणतात. माफीचा दात घेतला की चूक पुरतात. बापजाद्यांपासून."

"म्हणत असतील. माझा मुलगा पुरला, तेवढं बस्स झालं. दात मी घेतला. चूक वर राहू दे. लोकांना दिसू दे."

टाळ्या वाजल्या नाहीत. गावप्रमुखाचे हात तसेच जुळलेले राहिले. केलेपीनं मान वर केली.

"मग माफ केलंस की नाही, ताई?"

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "ऊठ आता. ऊन लागेल. कसावा उकडलाय, खाऊन जा."

त्याला उठवेना. शेवटी तिनंच दंडाला धरून उठवलं.

तेव्हापासून मी तिच्या घराच्या दारात आहे. तिनं मला तेल लावलं, वेणी नवी केली आणि चौकटीला मुद्दाम खाली टांगलं, इतकं की आत येणाऱ्याच्या डोक्याला मी लागतोच. "हे काय गं आजी?" असं माणूस विचारतो, आणि मग ती सांगते. कुणाचा पहारा, कुणाचं नाव, कपाळ गार होतं, बॅग बांधलेली होती. सगळं. एकदा एक जाडजूड पाहुणा आला. मी त्याच्या कपाळाला लागलो आणि त्यानं काही विचारलं नाही. दारातच खाली बसून हमसाहमशी रडला. तो रुसियाते होता. ताराईवीनीनं त्यालाही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

केलेपी महिन्यातून एकदा येतो. उंच असल्यामुळे त्याला मी सगळ्यांत जोरात लागतो. तो वाकून येऊ शकतो, पण येत नाही.

माझी काळजी आता वेगळीच आहे. ताराईवीनीचं आता वय झालंय. हल्ली सांगताना ती मधेच थांबते, पुढचं आठवत नाही. परवा तर म्हणाली, सेवानायाचा ट्रक उशिरा येणारे, त्याच्यासाठी ताट झाकून ठेवा. त्या दिवशी केलेपी समोर बसला होता. त्यानं गोष्ट पुढे सांगितली, तिच्याच शब्दांत, "गार होतं" हेही. पण तोही शहाऐंशीचा आहे. ही दोघं गेल्यावर कोण सांगेल? मला तर नुसतं लटकता येतं. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही, तर मी एका माशाचं हाड आहे, दुसरं काही नाही.

तुम्ही कधी वुनिकाऊला आलात तर ह्या दारातून आत या. वाकू नका. मी डोक्याला लागेन, थोडं दुखेल. तेव्हा घरात जे कोणी असेल त्याला विचारा, हा दात कुणाचा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.